काळा दात

नॅशव्हिल, ९ ऑक्टोबर १९६८

प्रिय बाबा,
तुमच्या लुएलाचं खूप प्रेम. मी मजेत आहे, जेवण चुकवत नाही, असं आईला सांगा. तिचा गुडघा कसा आहे?

मी विद्यापीठात जुन्या ध्वनिमुद्रणांची यादी करते, हे मागे लिहिलंच होतं. काल एका खोक्यातून तुमची आणि व्हर्जिलकाकांची टेप निघाली. गाण्याआधीचं बोलणंही तिच्यात राहून गेलंय.

काका म्हणतात, "डेल्मर, स्टेजवर लोकांना हसवायला दात काळा करतोस ते ठीक, पण इथंही? माइकला काय दिसतंय, गाढवा?"

तुम्ही म्हणता, "दात पांढरा असला की माझा आवाज शहाणा होतो."

मग बँजो वाजतो, पळून गेलेल्या कोंबडीचं विरहगीत सुरू होतं, आणि काकांना हसू आवरत नाही. चारदा पहिल्यापासून सुरू करावं लागलं!

काका गेल्यापासून ते हसू मी ऐकलं नव्हतं. तुम्हीही ऐकलं नसेल.

ती ऐकून आमच्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "हा नुसता पोरकटपणा. ठेवायचा कशाला?"

मी म्हटलं, "ते माझे बाबा आहेत."

हे मी पदवीदानालाच सांगायला हवं होतं. तुम्ही शेवटच्या रांगेत, हॅट मांडीवर घेऊन बसला होतात, आणि मी तुमची कुणाशी ओळख करून दिली नाही.

टेप ठेवायची की नाही, ते पुढच्या शुक्रवारी सगळ्यांना ऐकवून ठरेल. त्यातली कारागिरी मला समजावता येणार नाही, तुम्हाला येईल. सकाळच्या बसनं या. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची धरून ठेवते.

दात काळा करूनच या.

तुमचीच,
लुएला