ताम्हणातलं सोनं

तीर्थस्वरूप दादा,

तुला आणि वहिनींना नमस्कार. तुझा गुडघा आता देवळाच्या पायऱ्या चढू देतो ना? इथे रेडमंडमध्ये पाऊस आणि आम्ही, दोघेही नित्याप्रमाणे.

गेल्या मंगळवारी सकाळी पूजा आटोपली, बाळकृष्णाला वाटीत बसवलं आणि त्याचं ताम्हण पिशवीत घालून शाळेत निघालो. (संध्या आंघोळीला गेली होती, म्हणून जमलं.) वर्षभर मी मंगळवारी ऑफिसातून सुट्टी काढून इथल्या चौथीच्या वर्गात मदतीला जातो, हे तुला कळवलेलं नाही. सध्याचा धडा कॅलिफोर्नियाच्या सोन्याचा. पावणेदोनशे वर्षांपूर्वी लोक घरदार सोडून नदीच्या वाळूत सोनं शोधायला धावले, तो. पुस्तक मिटायचं आणि त्या माणसांनी स्वतः लिहिलेली पत्रं वाचायची, अशी इथली रीत. त्याआधी मुलांना वाळू धुऊन दाखवावी, ही हौस माझी. सोनेरी रंगवलेले खडे ताम्हणाच्या तळाशी राहतील असा माझा हिशेब होता. रंग तळाशी राहिला, खडे पाण्याबरोबर माझ्या बुटांत गेले.

मग पत्र घेतलं. एक प्रत खाली पडली, तिला माझा पाय लागला आणि सवयीने मी ती उचलून कपाळाला लावली. मुलांना वाटलं, जुने कागद असेच हाताळतात. वर्गाच्या बाई आत आल्या तेव्हा सगळा वर्ग गंभीर चेहऱ्याने कागद कपाळाला लावून बसला होता. बाईंनी आपलीही प्रत लावली.

पत्र एका सोनंशोध्याने भावाला लिहिलेलं. हवा, पिठाचा भाव, खेचराचं दुखणं. मी मोठ्या ऐटीत विचारलं, यात काय लिहिलेलं नाही? नागपूरकरांची सिया म्हणाली (इंग्रजीतच, ‘काका’ तेवढं मराठीत), "काका, त्याला तिथे आवडतं असं त्याने कुठेच लिहिलं नाही."

मी वळून कोराच फळा पुसायला लागलो. वीस वर्षं मी तुला काय लिहिलं? हवा, भाव, आणि खेचराच्या जागी गाडी. घंटा झाली म्हणून अब्रू वाचली.

तुझा,
प्रल्हाद

ता. क. एक ताम्हण पाठवशील का? सोनेरी रंग निघत नाही. संध्या म्हणते, देवाला चालेल, तिला नाही.

आणखी ता. क. खरं काम निराळंच. आप्पांची मास्तरकी बघून आईने मला मास्तर होऊ दिलं नाही, म्हणून मी इंजिनियर झालो. आता या शाळेने मला मदतनीस शिक्षक म्हणून बोलावलंय. आईला तू सांग, माझी छाती होत नाही. मला सल्ला मात्र देऊ नकोस. मला त्या वर्गात आवडतं, दादा. राजीनामा शुक्रवारीच देऊन आलो.