वरची मूठ

कुपवाड, बुधवार

सौ. शालूस, मी धडधाकट आहे.

काल भट्टीचं झाकण उडालं, पण कुणालाही लागलं नाही, असं मुकादम सम्मेददादांनी एकेकाला मोजून सांगितलं. आईला एवढंच वाचून दाखव. तिचा गुडघा कसा आहे?

मोडीतल्या गाड्यांच्या प्लॅस्टिक-रबराचा चुरा आम्ही धुऊन, वाळवून, वितळवून तेल काढायला भट्टीत घालतो. ओला गेला तर वाफ कोंडते. म्हणून पोत्याच्या तळातली मूठ दाबून बघायची असते. मी घाईत, घरी भाताचं पोतं बघतो तशी, वरचीच मूठ बघितली.

"लय वाचलो गड्या, पाणी प्यायला गेलतो," भट्टीवरचा रामगोंडा हसला. मला हसू आलं नाही. पोतं माझं होतं, हे अजून कुणाला ठाऊक नाही.

शनिवारी नवं झाकण बसेल. त्याआधी मी सांगणार आहे. मग बहुतेक माझी पोती आत जाताना भट्टीपाशी मलाच उभं करतील.

तुझा,
नाथाजी