सव्वीस दिवसांची लाल रिबीन

तीर्थरूप ताईस,

वाकून नमस्कार. (वाकणं फक्त कागदावर. प्रत्यक्षात गेल्या वर्षापासून कंबर अर्ध्यावरच अडते.) तुझा गुडघा काय म्हणतोय? कानाचं यंत्र कानात असतं की अजून कपाटात? कपाटातच असणार, म्हणून तर फोन न करता पत्र लिहितोय. शिवाय जे सांगायचंय ते फोनवर ओरडून सांगण्यासारखं नाही. आमच्या भिंती पातळ आहेत आणि खालचा शिंपी मन लावून ऐकतो. तू तीस वर्षं मुलांच्या वॉर्डात सिस्टर होतीस, तेव्हा पुढचा मजकूर जेवताना वाचलास तरी तुझं काही बिघडणार नाही. घाबरू नकोस, पण शेवटपर्यंत वाच.

विषय आपल्या गुंडीच्या शीचा आहे. लेक सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला परगावी गेली आणि साडेचार वर्षांची गुंडी आम्हा म्हाताऱ्यांच्या ताब्यात आली. (जावई घरातच असतात, पण फोनमध्ये राहतात.) जाताना लेकीने हिला तीन पानांची यादी दिली आणि मला एकच वाक्य दिलं: बाबा, तिच्याकडे लक्ष ठेवा. आता चौतीस वर्षं शाळेत भाषा शिकवलेल्या माणसाला लक्ष ठेव म्हटलं तर तो काय करणार? मी एक वही केली. वर ठळक अक्षरांत ‘गुंडीचे बोल’ लिहिलं आणि तिची वाक्यं रोज तारीख-वार घालून उतरवायला लागलो. या वयात मुलं काय काय बोलून जातात आणि घरचे ते टिपून ठेवत नाहीत, ही माझी जुनी तक्रार तुला पाठ असेल.

तिसऱ्याच दिवशी संडासातून आरोळी आली, “आजोबा, माझ्या शीने लाल रिबीन बांधलीय!” ताई, खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला, पण कौतुकाचा. काय ती कल्पना! निर्जीव वस्तूला माणसासारखं नटवायचं, म्हणजे चेतनागुणोक्ती अलंकार, तोही कुणी न शिकवता! (दहावीच्या पोरांना तो समजावताना माझा घसा बसायचा.) मी दाराबाहेरूनच शाबास म्हटलं, पाणी सोड म्हटलं आणि वहीकडे धावलो. त्यानंतर खजिनाच उघडला. आज रिबीन छोटी आहे. आज रिबीन नाही, नुसता ठिपका. आज शीने दोन रिबिनी बांधल्यात, ती लग्नाला चाललीय. हे लग्नाचं वाक्य मी शिंप्याला मुद्दाम खाली जाऊन वाचून दाखवलं. तो म्हणाला, मुलगी कापडाच्या धंद्यात नाव काढणार.

तू आता कपाळावर हात मारला असशील. मार, पण आमची बाजूही ऐकून घे. सध्या गुंडीला ‘माझं मी’चं खूळ आहे, दार लोटायचं, पाणी सोडायचं, धुवायचं, सगळं तिचं ती. हिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, त्यामुळे हिला लाल आणि तपकिरी सारखंच. पोर खात होती, पळत होती, पोटात दुखतंय म्हणून एकदाही रडली नाही. मग सव्विसाव्या दिवशी टाकीतलं पाणी गेलं, मी बादली घेऊन आत गेलो आणि पाहिलं. रिबीन खरीच होती. रक्ताची होती. माझ्या हातातली बादली तिथेच आडवी झाली.

मग घरात आरोपी शोधायची सभा भरली. हिने पहिल्या मिनिटात मला पकडलं: मी चोरून बिस्किटं चारतो, म्हणून पोरीचं पोट साफ होत नाही, म्हणून कुंथून जखम झाली. (बिस्किटांचा आरोप मान्य. पण रोज तीन नाही, दोनच.) शिंपी न बोलावता वर आला आणि उष्णता, उष्णता म्हणून दोनदा मान हलवून गेला. जावयांनी फोन उघडला आणि कारणं मोठ्याने वाचायला घेतली. जखम, जंतू, दुधाची अ‍ॅलर्जी, इथपर्यंत आम्ही उभे होतो. पुढे आतड्यात आतडं शिरतं वगैरे सुरू झाल्यावर ही खाली बसली. मी त्यांना सांगितलं की अजून एक ओळ वाचलीत तर फोन त्याच बादलीत जाईल. तेवढ्यात गुंडीने येऊन विचारलं की सगळे माझ्या शीबद्दल का बोलताय, ती माझी आहे.

दुसऱ्या दिवशी मुलांच्या पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरीणबाई लेकीपेक्षाही लहान दिसत होत्या. मला आधी वाटलं, नाव लिहून घ्यायला बसल्यात. त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढलं आणि सावकाश समजावलं. बहुतेक मुलांना कडक शीने बारीक चीर पडते, कधी जंतू असतात, आणि बरीचशी बरी होतात. आतड्यात आतडं शिरलं तर पोर कळवळून रडतं, तसं इथे दिसत नाही. मग त्यांनी विचारलं, रक्त किती दिवस, कधी कधी, शीत मिसळलेलं की वरून लागलेलं? माझी मान खाली. पिशवीतून वही काढली आणि समोर सरकवली. ताई, बाई वाचत गेल्या आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. मला वाटलं, आता पोलीस बोलावतात. तर त्या म्हणाल्या, इतकी नेमकी माहिती आजवर एकाही पालकाने आणून दिली नव्हती. रिबीन म्हणजे रक्त वरून लागलेलं, म्हणजे जागा खालच्या बाजूला. दुखत नाही, अधूनमधून येतं, म्हणजे बहुधा आत मांसाचा एक छोटासा कोंब असावा, मुलांमध्ये तो सहसा निरुपद्रवी असतो. त्यांनी वहीच्या पानांच्या झेरॉक्स काढून घेतल्या. माझं लेखन कुणी झेरॉक्स काढण्याच्या लायकीचं समजलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं, आणि मला तिथेच जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

जाताजाता त्यांनी विचारलं, घरात कुणाला असा त्रास? मी ताठ बसून सांगितलं की आमच्या घराण्यात असलं काही नाही.

आत दुर्बीण घालून बघायचं ठरलं. त्याच्या आदल्या दिवशी पोट धुवायचं औषध पाजायचं होतं. पाण्याचा मोठा जग भरून औषध. गुंडीने एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि अट घातली: आजोबा एक ग्लास, मी एक ग्लास. ही म्हणाली, प्या, तुमच्यामुळेच झालंय सगळं. मी प्यायलो. (ओरडू नकोस, तीनच ग्लास. पुढचे रिकामे ग्लास मी नुसते तोंडाला लावले, शाळेत नाटकं बसवलेली कामी आली.) घरात संडास एक आणि उमेदवार दोन, त्यामुळे दुपारभर जी धावपळ झाली तिचं वर्णन करत नाही. एकदा आतून गुंडी शांतपणे म्हणाली, आजोबा, नंबर लावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. (लेक तोवर परत आली होती, ते पुढे सांगतो; ती तेव्हा खिडकीवर सह्या करत होती.) झोपेचं औषध देताना तिने माझं बोट धरलं होतं, ते सिस्टरने सोडवलं. मी बाहेर बाकावर बसलो आणि रडलो, चांगला हुंदके देऊन. जावयांनी फोन खिशात ठेवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवसापासून मी त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं सोडलंय. (वर कंसात लिहिलेलं सवयीचं समज.) पाऊण तासाने बाई बाहेर आल्या. एकच कोंब होता, द्राक्षाएवढा, तारेच्या फासाने काढला. तपासणीचा रिपोर्टही आलाय, साधा निघाला. पोरगी संध्याकाळी घरी येऊन जेवली. परवा मला म्हणाली, आता माझी शी नुसतीच येते, मजा नाही.

लेकीला सगळं सांगितलं ते दुर्बिणीच्या तारखेच्या आदल्या आठवड्यात, ती पहिल्या गाडीने परत आली. मला वाटलं होतं ती आरडाओरडा करील. तिने वही पहिल्या पानापासून वाचली, मिटली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही लिहिलंत सगळं. बघितलं नाहीत.” ती आता माझ्याशी बोलते, पण चहा साखर विचारून देते, पाहुण्याला देतात तसा.

तुझ्या सुनेला आशीर्वाद. गुडघ्याला जप.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. लेकीला एक पत्र टाक आणि त्यात मी लहानपणापासूनच असा वेंधळा आहे असं लिही. म्हणजे तिला हे नवीन वाटणार नाही.

ता. क. २. ते राहू दे. दुसरंच सांगायचंय. डॉक्टरीणबाईंनी घराण्याबद्दल विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. मला पाच महिने रक्त जातंय. मूळव्याध असेल म्हणून गप्प बसलो होतो. कोंब काढल्यावर मी बाईंना एकटं गाठून सांगितलं. त्या हसल्या नाहीत, त्यांनी मोठ्यांच्या डॉक्टरांना तिथल्या तिथे फोन लावला. माझ्या वयाला हे निरुपद्रवी धरून चालत नाही म्हणाल्या. येत्या गुरुवारी सकाळी दहाची वेळ आहे. घरात कुणालाच सांगितलेलं नाही. हिला सांगायला गेलो की माझं तोंडच उघडत नाही. मला भीती वाटते, ताई. बुधवारच्या गाडीने ये. कानात यंत्र घालून ये, मी हळूच बोलणार आहे.