सांडूच्या मापाची सायकल

सिकंदराबाद
ता. ४ नोव्हेंबर १९५३
॥ बिरोबा प्रसन्न ॥

ती. मायच्या पायावर बिरूचं डोकं. चि. सांडूस आणि चि. इंद्रायणीस आशीर्वाद. वि. वि.

मी खुशाल आहे. सायकलच्या दुकानातलं काम बराबर चालू आहे. सांडूला बाजारोबाजार फिरून घोंगड्या विकायच्यात, असं इंदीनं मागच्या पत्रात लिवलं. राजुराहून जालन्याला पायी जायचं म्हणजे एक दिवस, शहागड तर त्याहून लांब. म्हणून मी त्याच्यासाठी लांब पल्ल्याची सायकल बांधून राह्यलो. कॅरिअर असं मजबूत की वीस घोंगड्या बसतील.

आमचे रामकिसन उस्ताद म्हणतेत, सायकल माणसाच्या मापाची करावी, माणूस काही सायकलीच्या मापाचा होत न्हाई. चतुर्थीच्या जत्रेत मी भाड्याची सायकल आणल्ती आणि सांडूला बसवून उतारावर सोडलं, तवा हे कुठं कळत होतं. त्याचे पाय पायडलाला पुरत नव्हते. पाय त्याचा मोडला आणि पळून मी आलो. हाड जुळलं, पोरगं चालतं, असं तू कळवलंस, त्याच्यावर चार वर्षं भाकर गोड लागते.

त्याला भिंतीला टेकवून उभा कर आणि टाचेपासून जांघेपर्यंत दोन्ही पायांचं माप पाठव. धागा लोकरीचा नको, लोकर ताणते. सुतळी घे. सांडूला म्हणावं, पोट आत घेऊ नको, पोटाचं माप मागितलं न्हाई.

लोभ आहे तेवढा राहू दे.
तुझा बिरू

राजूर
ता. २१ नोव्हेंबर १९५३

ती. बिरूदादास इंद्रायणीचा सा. न. माय सांगते तसं लिहिते.

सोबत दोन सुतळ्या आहेत. दोन्ही सारख्याच. मायनं माप घेताना मला बाहेर पाठवलं आणि कडी लावली. सांडूदादा आता तुझ्याहून दोन बोटं उंच असंल, असं माय म्हणते. वेळेवर जेवत जा. हे दुकान तरी सोडू नको, तुझा पाय एका जागी ठरत न्हाई, असं तिनं दोनदा सांगितलं.

माया असू द्यावी.
इंद्रायणी

सिकंदराबाद
ता. १७ जानेवारी १९५४

ती. मायस बिरूचा शि. सा. न.

सायकल रेल्वेनं जालन्याला रवाना केली. रखमाजी काकांना बैलगाडी घेऊन स्टेशनावर जायला सांग. सीट सुतळीबरहुकूम बसवली आहे. पायडल खाली असताना टाच ठेवून पाय सरळ झाला पाहिजे. मापं अशी सारखी आली की उस्तादबी म्हणले, पाय चांगला जुळला. त्या दिशी मी सगळ्यांना चहा पाजला.

नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतेत. दोन महिने चालवल्यावर ते कुठं किती झिजले ते इंदीनं बघून लिवावं. वजन कुठं पडतं ते मला त्यावरून समजंल.

आठवण ठेवा.
बिरू

राजूर
ता. ३० मार्च १९५४

ती. बिरूदादास इंद्रायणीचा सा. न.

माय सांगते की सायकल बिलकुल बराबर बसली. सांडूदादा दर आठवड्याला जालन्याला जातो, शहागडलाही जाऊन आला. गावात अशी सायकल कुणाची न्हाई.

तू विचारलं म्हणून मी स्वतः टायर पाहिले. दोन्हीवरचे केस जसेच्या तसे आहेत, एक तुटला न्हाई. सांडूदादा इतकी जपतो. दर शुक्रवारी पुसतो.

माया कमी करू नये.
इंद्रायणी

सिकंदराबाद
ता. ९ एप्रिल १९५४

ती. मायस शि. सा. न.

माय, ते केस जालन्याच्या पहिल्या फेरीतच झडतेत. ती सायकल रस्त्यावर गेलीच न्हाई.

आता मला समजलं, कडी का लावली. तू एकाच पायाचं माप दोनदा घेतलंस. दुसरा पाय कसा आहे? तू सांगितलं न्हाईस तर मी मनात काय काय धरीन ते तुला माहीत आहे. तू माझ्यापासून झाकून ठेवलंस आणि मी इथं चहा वाटला.

हातात पाना धरवत न्हाई. इथं राहून करू तरी काय. घराकडं यायला तोंड न्हाई.

रागावू नको.
बिरू

राजूर
ता. १९ एप्रिल १९५४

ती. दादास सांडूचा नमस्कार. माझं अक्षर वाईट आहे, समजून घे.

डावा गुडघा वळत न्हाई. लांबीलाही चार बोटं कमी आहे. मायचं म्हणणं, अधू अंग मापलं की अधूपण वाढतं, म्हणून तिनं त्याला सुतळी लावू दिली न्हाई. आणि तुझा जीव भांड्यात पडावा हेबी तिच्या मनात होतं. तिला बोलू नको. कागद आला तवापासून ती जेवली न्हाई.

सायकल आली त्या दिशी पारावर सगळे जमल्ते. मी टांग टाकली. पायडल वर आलं की गुडघा अडकतो. पडलो न्हाई, उतरलो. चाक जाम आहे म्हणून सांगितलं.

दुसरी सायकल बांधू नको, आखूड पायासाठी पायडलावर ठोकळाबी नको. माझ्या मापाची सायकल नसतेच. मंग मी एक केलं. तुझा जुना पायजमा मायनं ठेवलाय. त्याच्या टांगेवर सुतळी धरून रखमाजी काकांकडून सीट दोन बोटं खाली करून घेतली. तू चालव. मी कॅरिअरवर पाय लांब करून बसतो, घोंगड्या मांडीवर घेतो. शहागडापर्यंत तुला शिव्या देत जाईन, ते तुझं भाडं.

जल्दी ये.
तुझा सांडू

सिकंदराबाद
ता. २ मे १९५४

रा. रा. सांडूभाऊस रामकिसनचा रामराम.

तुमचं पत्र मी फोडलं, माफ करा. बिरू अकरा एप्रिलला गेला. कुठं ते बोलला न्हाई. हिशेबाला थांबला न्हाई, खिळ्याला टांगलेल्या दोन सुतळ्या तेवढ्या घेऊन गेला. स्टेशनावर, सरायांत माणसं धाडली. पत्ता लागला न्हाई.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नसावी. तीन साल तो माझ्याकडं होता. शेकडो सायकली त्यानं लोकांच्या मापाला लावल्या, पण स्वतः एकदाबी सीटवर बसला न्हाई. गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायची असली तर तीन-तीन मैल हातानं ढकलत न्यायचा. आम्ही हसायचो.

तो आला तर त्याला पहिले धरून बसवावं लागंल. सीट खालीच राहू द्या.

आईसाहेबांना माझा नमस्कार सांगा.
रामकिसन