झाकण उघडू नये

३ डिसेंबर
भात कापून झाला. शेतात पेंढ्याचे ढीग. मी अठ्ठावीस वर्षं शाळेच्या लॅबमध्ये सहायक होतो, आता रिटायर. इतकी वर्षं शेत बायकोने पाहिलं, यापुढे सायन्स पाहील. पेंढा ड्रममध्ये कोंडून, हवा न देता जाळायचा. जो कोळसा होतो तो बायोचार. मातीत मिसळला की पीक दुप्पट. (अंदाज माझा.) ही म्हणाली, पेंढा कुजवून गाडते तेच बरं. शेवटी पैज लागली. अर्धं शेत माझं, अर्धं तिचं. हरणाऱ्याने शेताबद्दल पुन्हा तोंड उघडायचं नाही. बिचारी.

९ डिसेंबर
१०.०० ड्रम पेटवला.
१०.२० झाकण उघडून पाहिलं. उत्तम.
१०.३० पुन्हा पाहिलं.
१०.३५ शेवटचं पाहिलं.
११.०० राख. हिने भांडी घासायला नेली.

१४ डिसेंबर
पुन्हा राख. ड्रम बनवणाऱ्या वेल्डरला झापलं. तो म्हणाला, काका, झाकण घट्ट आहे, तुमचा हात सैल आहे. ही म्हणते, घरातला भातसुद्धा तुमच्यामुळेच कच्चा राहतो. निरीक्षणाला या घरात किंमत नाही!

२० डिसेंबर
यश! अस्सल काळाकुट्ट बायोचार! ड्रम पेटवला आणि नेमकी दाढ ठणकली. दिवसभर डेंटिस्टकडे. आलो तर ड्रम गार, कोळसा तयार. पेशन्स लागतो, तो माझ्यात आहे.

८ जानेवारी
आणखी नऊ ड्रम, नऊही यशस्वी. फक्त ड्रम पेटला रे पेटला की हिला बाजारातून काहीतरी हवंच असतं. कटकट.

१५ जानेवारी
उन्हाळी भाताच्या लावणीआधी बायोचार पसरला. ही म्हणाली, आधी शेणकाल्यात मुरवा, उपाशी कोळसा पिकाच्या तोंडचं खाईल. कोळसा खातो म्हणे! अठ्ठावीस वर्षांत एकाही कोळशाला खाताना पाहिलं नाही. कोरडाच पसरला.

१८ फेब्रुवारी
माझं अर्धं शेत पिवळं. अ‍ॅडजस्टमेंट पीरियड. कृषी अधिकारी म्हणाले, कोरड्या बायोचारने खतातला नायट्रोजन शोषला, आधी चार्ज करायला, म्हणजे शेणकाल्यात मुरवायला हवा होता. याला म्हणतात एक्स्पर्ट. नाहीतर ही.

२ एप्रिल
विजय! माझ्याकडचा बांधालगतचा कोपरा हिरवागार, हिच्या भातापेक्षा सरस. मातीला उशिरा कळलं, पण कळलं. अधिकाऱ्यांना कापणीला बोलावलं. ते येतो म्हणाले. फार बरं वाटलं. रिटायर झाल्यापासून मला कोणी काही विचारलेलं नाही.

११ मे
कापणी. हिचं अर्धं शेत माझ्या कितीतरी पुढे. पण कोपरा सगळ्यांत भारी! मी छाती काढून उभा. अधिकाऱ्यांनी विचारलं, इथे वेगळं काय केलंत? मी तोंड उघडणार, तोच ही म्हणाली, दोन टोपल्या मी शेणकाल्यात मुरवून टाकल्या होत्या. यांनी एवढा खपून केलेला कोळसा, सगळाच कसा वाया जाऊ द्यायचा?
पैज हरलो. टेक्निकली कोळसा माझाच होता.

१४ मे
तीन दिवस शेताबद्दल अवाक्षर नाही. आज हीच म्हणाली, पुढच्या वेळी सगळ्या शेताला कोळसा लागेल, करणार कोण? मी स्वाभिमानाने नकार दिला.
११.१० ड्रम पेटवला. झाकण उचलायचा आकडा हिने कमरेला खोचला आहे.
११.३० आकडा मागितला.
११.३५ पुन्हा मागितला.
११.४० बाजारातून काही आणायचंय का, असं मीच विचारलं.