गुडघ्यात ढिली विजार

ती. ताईस,

शिलाई मशीनवरून उठून, कमरेवर हात ठेवून, जमेल तेवढा वाकून नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, माझी कंबर सोडून. तुझे गुडघे कसे आहेत? भाची लिहिते की भाऊजी गेल्यापासून, म्हणजे गेलं वर्षभर, तू फाटकाबाहेर पाऊल टाकलेलं नाहीस आणि कोणी विषय काढला की गुडघ्यांचं नाव सांगतेस. असो. मी त्यावर काही बोलणार नाही. (मोठ्या बहिणीला शहाणपण शिकवू नये, एवढी अक्कल तूच मला कान पिळून दिली आहेस.)

तू विचारलंस, डॉक्टरांनी सांगितलेला मैदानी छंद कुठला धरलास? अगं, सगळे धरून पाहिले. आधी सायकल. पण तिच्यावरही बसायचंच, आणि तीस वर्षं बसून बसूनच तर कंबर गेली! शिवाय कॅरिअर धरून मागे धावायला तू नाहीस, त्यामुळे मी सारखा मागे वळून बघतो आणि पुढच्या माणसाच्या अंगावर जातो. मग होडी वल्हवली. त्यात तोंड एकीकडे आणि जाणं भलतीकडे. किनारा आल्याचं पाठीला लागल्यावर कळलं. डोंगर चढणं त्यातल्या त्यात बरं, पण बरोबर आमची ही होती. ती वर पोचून, डबा उघडून, माझ्या वाट्याचंही संपवून उतरताना मला अर्ध्या वाटेत भेटली. वर मलाच म्हणते, भूक चांगली लागते नाही डोंगरावर!

राहिलं स्कीइंग. पायांना दोन लांब पट्ट्या बांधायच्या, हातांत काठ्या घ्यायच्या आणि बर्फावरून घसरायचं. थंडी मरणाची, सामान ढीगभर, पण कष्ट सगळे उताराचे. मला पटलं. आता घोळ ऐक. भाड्याची जाड, आत कापूस भरलेली विजार मी आदल्या दिवशीच घरी आणली. घालून आरशात पाहतो तर गुडघ्यांशी हे एवढं पोतं! लोकांचे कपडे अंगाबरोबर बसवण्यात जन्म गेला माझा, आणि मीच असं गबाळं होऊन चारचौघांत जाऊ? बसलो मशीनवर आणि विजारीचे दोन्ही पाय वरपासून खालपर्यंत दाबून घेतले. काय बसली म्हणून सांगू! (हिनंसुद्धा मान डोलावली, वर्षातून एकदाच डोलावते.)

टेकडीवर शिकवणारे मास्तर म्हणाले, थांबायचं असेल तर गुडघे वाकवा. ते पोतं कशासाठी होतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. पण मी आधीच निघालो होतो. मास्तर मागून ओरडताहेत, वाकवा, वाकवा! मी ओरडतोय, वाकत नाहीत हो! असा ताठ उभ्या उभ्या, फोटो काढायला थांबल्यासारखा, थेट चहाच्या टपरीसमोरच्या बर्फाच्या ढिगात शिरलो. तिथे गुडघे वाकले एकदाचे, कारण शिवण कमरेपासून पोटरीपर्यंत उसवली. विजार परत द्यायला गेलो तर दुकानदारानं ती उलटसुलट केली आणि विचारलं, कुठल्या शिंप्यानं आवळली हो ही? म्हटलं, आहे एक गाढव.

पण खरं सांगू? तिथे पडलो तेव्हा तुझी फार आठवण आली. लहानपणी मी सायकलवरून पडलो की तू आधी पोट धरून हसायचीस आणि मग उचलायचीस. इथे उचलायला चौघं धावली, पण सगळी कशी गंभीर! पडण्यातली मजाच गेली. म्हणून माझा छंद ठरला, स्कीइंगच. सायकलीला, होडीला, डोंगराला नाही ती सोय इथे आहे: टपरीपाशी एक बाक आहे, तिथून माझं पडणं अगदी समोर दिसतं.

भाचीला आशीर्वाद.

तुझा,
अजून न सुधारलेला धाकटा

ता. क. सोबतच्या पुडक्यात तुझ्यासाठी एक विजार आहे. बाकावर गारठा असतो. कापड नवं नाही हो. ती उसवलेली विजार दुकानदारानं माझ्याच गळ्यात मारली, तिच्यातूनच तुझी बेतली. गुडघ्यांत भरपूर ढिली ठेवली आहे, तेव्हा आता गुडघ्यांचं नाव सांगायचं नाही.

ता. क. दुसरा. तुझं माप माझ्या वहीत भाऊजींच्या अक्षरात सापडलं. तुला न सांगता तुझ्यासाठी कोट शिवून घ्यायला आले होते, तेव्हाचं. खाली त्यांनी लिहिलंय, 'खिसे मोठे ठेव, हिला बाहेर पडताना सगळं घर बरोबर लागतं.' खिसे मोठेच ठेवलेत, ताई. घालून ये.