निवलं की निवळलं

मंगळवार, संध्याकाळ

काहून ओरडले मी प्रीतीवर? ह्यांची कावीळ आत्ता कुठे उतरलीय, त्यात घरचा फिल्टर बंद आणि नळाला गढूळ पाणी. सकाळी बादलीत तुरटी फिरवली आणि सुनेला सांगितलं, "निवळलं की वरचं वरचं घे आणि उकळ." थोड्या वेळानं पाहते तर पातेल्यात चिखलच उकळून राहिला.

"निवळलं की, म्हटलं होतं ना?"

"मम्मीजी, हाथ लगा के देखा था. थंडच होतं."

म्हणजे तिनं ऐकलं 'निवलं'. थंड झालं. दुधासाठी तो शब्द मीच शिकवलाय तिला. तिच्या हिंदीत ळ नाही, फरक कळावा कुठून? तरी ह्यांच्यासमोर बोललेच मी. मग दिवसभर ती हिंदीतच बोलली. तेच डाचून राहिलं. रोज दोन वाक्यं तरी मराठीत बोलते, माझ्यासाठीच. आता सोडून दिलं तर?

दिवेलागणीला तिनं मला बादलीपाशी नेलं. तिनंच पुन्हा तुरटी फिरवून ठेवली होती. तळाशी बसलेला गाळ वरून स्पष्ट दिसत होता.

"निवललं," ती म्हणाली. मग थांबून, जीभ वळवून, "निवळलं."

"हो. उकळ आता."

"और आप? तुम्ही निवळल्या?"

राग निवळतो, माणसाला कोणी असं म्हणत नाही. पण मी तिला दुरुस्त केलं नाही. निवळले, म्हटलं.